नाशिकहून स्पॅनिशमध्ये एम.ए.: निर्णय घेण्यापूर्वी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वाणिज्य शाखेची तीन वर्षांची पदवी, पिंपळगावच्या एका द्राक्ष निर्यातदाराकडे नोकरी, संध्याकाळच्या वर्गांतून आणि घरच्या अभ्यासातून मिळवलेले डेले या स्पॅनिशच्या अधिकृत परीक्षेचे बी-१, म्हणजे मध्यम पातळीचे, प्रमाणपत्र, आणि आता स्पॅनिश भाषा व हिस्पॅनिक संस्कृती या विषयात एम.ए. करण्याची इच्छा. हे शिक्षण भारतात घ्यावे की स्पेनमध्ये, पदवी वेगळ्या विषयाची असताना प्रवेश मिळेल का, आणि चांगली चाललेली नोकरी सोडण्याइतके त्यात काही आहे का, असे तुम्ही विचारले आहे. नाशिकमध्ये स्पॅनिश शिकवताना आणि भाषांतराचे काम करताना हे प्रश्न माझ्याकडे वारंवार येतात आणि त्यांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

एम.ए.च्या वर्गात तुम्हाला स्पॅनिश येते हे गृहीत धरलेले असते. बी-१ नंतर बी-२, बी-२ नंतर सी-१ आणि त्यानंतर एम.ए. अशी पायऱ्यांची रांग बहुतेकांच्या मनात असते, आणि पहिल्या सत्रात होणाऱ्या त्रासाचे मूळ बहुधा याच समजुतीत असते. तेथे भाषा सुधारते, परंतु ती सुधारणे हा अभ्यासक्रमाचा हेतू नसतो. स्पॅनिशमधून साहित्य, इतिहास आणि भाषाविज्ञान वाचणे, त्यांवर स्पॅनिशमध्येच मत मांडणे आणि ते पुराव्यानिशी लिहून दाखवणे हा हेतू असतो. आठवड्याला एखादी कादंबरी किंवा नाटक, सोबत तीन-चार समीक्षालेख आणि सत्राच्या अखेरीस दहा-पंधरा पानांचे निबंध, असा वाचन-लेखनाचा भार गृहीत धरूनच तयारी करावी. स्पॅनिश बोलण्याची गोडी असलेली व्यक्ती या अभ्यासात रमेलच असे नाही. वाचण्याची गोडी असलेली मात्र बहुधा रमते. म्हणून प्रवेशाची चौकशी करण्याआधी, मराठीत किंवा इंग्रजीत का होईना, तुम्ही स्वतःहून किती आणि काय वाचता हे तपासून पाहा.

अभ्यासक्रमाचा आवाका पाहिला की हे अधिक स्पष्ट होईल. भाषेच्या बाजूला ध्वनिविचार, पदविचार, वाक्यविचार आणि भाषेचा इतिहास असतो. लॅटिनपासून कास्तिलियन, म्हणजेच आजची स्पॅनिश, कशी घडली, ७११ ते १४९२ या काळातील अरबी सत्तेने तिच्यात काय मागे ठेवले, १४९२ मध्येच नेब्रिहाने तिचे पहिले व्याकरण का लिहिले आणि १७१३ मध्ये स्थापन झालेल्या रॉयल स्पॅनिश अकादमीचे स्थान आज काय आहे, हे सारे त्यात येते. साहित्याच्या बाजूला मध्ययुगीन वीरकाव्य, सर्व्हान्तेस, लोपे दे व्हेगा, गोंगोरा आणि केवेदो यांचे सुवर्णयुग, १८९८ आणि १९२७ या लेखकांच्या दोन पिढ्या, यादवी युद्ध आणि हुकूमशहा फ्रँकोची राजवट ओलांडून आजपर्यंतचे लेखन येते. आणि हे झाले केवळ स्पेनचे.

हिस्पॅनिक या शब्दाने स्पेन एवढेच चित्र डोळ्यांसमोर येत असेल तर ते लवकर दुरुस्त करून घ्यावे. स्पॅनिश ही २० सार्वभौम देशांची अधिकृत भाषा आहे, ती मातृभाषा म्हणून बोलणारे सुमारे ५० कोटी लोक आहेत आणि त्यांत स्पेनचा वाटा दहावा हिस्सा भरेल इतकाच आहे. एकट्या मेक्सिकोची लोकसंख्या स्पेनच्या अडीच पटींहून अधिक आहे. त्यामुळे चांगल्या अभ्यासक्रमाचा निम्मा तरी भाग लॅटिन अमेरिकेचा असतो, आणि माझ्या मते भारतीय विद्यार्थ्याला सर्वांत जास्त देण्यासारखे तेथेच आहे. वसाहतीचा अनुभव, स्वातंत्र्यानंतर उरलेली जमीनदारी, राज्यकर्त्यांच्या भाषेत लिहावे की आपल्या, हे प्रश्न आपल्याला पुस्तकातून शिकावे लागत नाहीत. केचुआ, आयमारा, नाहुआत्ल आणि ग्वारानी या तेथील मूळ रहिवाशांच्या भाषा आजही जिवंत आहेत. पाराग्वाच्या १९९२ च्या राज्यघटनेने तर ग्वारानीला स्पॅनिशच्या बरोबरीने अधिकृत भाषेचे स्थान दिले. स्पेनमध्येही कातालान, गालिसियन आणि बास्क या भाषा आपापल्या प्रदेशांत सहअधिकृत आहेत. एक भाषा, एक संस्कृती असे समीकरण घेऊन या विषयात शिरणाऱ्याला पहिल्याच सत्रात ते सोडून द्यावे लागते.

मराठी विद्यार्थ्याच्या हाती असलेल्या गोष्टींचाही विचार करा, कारण त्यांची जाणीव आपल्याला क्वचितच असते. तुम्ही ‘मी झाड पाहिले’ म्हणता, पण ‘मी शिक्षकांना पाहिले’ म्हणता. माणूस कर्म असला की प्रत्यय येतो. स्पॅनिशही निश्चित व्यक्तीवाचक कर्माआधी असेच एक शब्दयोगी अव्यय वापरते, आणि इंग्रजीतून शिकणाऱ्याला महिनोन् महिने अडणारा हा नियम आपल्याला चटकन उमगतो. आवडण्याच्या क्रियापदाची रचनाही तशीच आहे: आवडणारी वस्तू कर्ता आणि ज्याला आवडते तो चतुर्थीत. पदवीपूर्व वर्गात ही केवळ सोय असते, एम.ए.त हाच प्रबंधाचा विषय होऊ शकतो. मराठीत प्राणी, नावे आणि आदरार्थी उल्लेख यांना हा प्रत्यय कोठे लागतो व कोठे लागत नाही आणि स्पॅनिशमध्ये ही सीमारेषा कोठे आहे, याची तुलना दोन्ही भाषा आतून जाणणारी व्यक्तीच नीट करू शकेल.

छंदांच्या बाबतीतही असेच आहे. स्पॅनिश कवितेत ओळीतील अक्षरे मोजतात, लघु-गुरूंचा हिशेब नसतो; ओवी-अभंगांवर वाढलेल्या कानाला हे परके वाटत नाही. फरक असा की शेजारच्या दोन शब्दांतील स्वर एकत्र येऊन एकच अक्षर धरले जाते, आणि ओळीच्या शेवटच्या शब्दाचा आघात अखेरच्या अक्षरावर असेल तर एक अक्षर वाढवून, शेवटून तिसऱ्या अक्षरावर असेल तर एक कमी करून मोजतात. हे येथे सांगण्याचे कारण म्हणजे ‘कोमेंतारियो दे तेक्स्तो’ हा लेखनप्रकार. समोर एक कविता किंवा गद्याचा उतारा ठेवला जातो आणि दोन-तीन तासांत त्याचे स्थान, आशय, रचना, शैली आणि या सर्वांचा परस्परसंबंध क्रमाने उलगडून दाखवायचा असतो. आपल्याकडील रसग्रहणापेक्षा ही शिस्त बरीच कडक आहे: ‘कवीने सुंदर वर्णन केले आहे’ या वाक्याला तेथे गुण नाहीत. कोणत्या ओळीत वाक्य पुढे ओसंडते, क्रियापदाचा काळ कोठे बदलतो आणि त्याने अर्थात काय घडते, हे दाखवावे लागते. प्रवेशापूर्वी एकच कौशल्य कमवायचे असेल तर मी हे सांगेन. महिन्यातून दोन कोमेंतारियो लिहून कोणाकडून तरी तपासून घ्या.

आता तुमच्या बी-१ विषयी. तो पुरेसा नाही. परीक्षेपुरता नव्हे, खरोखर वापरता येणारा बी-२ ही किमान गरज आहे आणि स्पेनमध्ये भाषा-साहित्याच्या अभ्यासक्रमासाठी बहुतेक ठिकाणी बी-२ किंवा सी-१ चा दाखला मागतात. डेलेमध्ये कौशल्यांचे दोन गट असतात आणि प्रत्येक गटात ५० पैकी ३० गुण मिळवावे लागतात, त्यामुळे उत्तम बोलणारा विद्यार्थी वाचन-लेखनाच्या गटात अडकू शकतो. डेले प्रमाणपत्राला मुदत नसते, सिएले या संगणकीय परीक्षेच्या दाखल्याला असते. दोन्हींतून निवडताना अर्ज नेमका केव्हा करणार हे लक्षात घ्या.

बी-२ पर्यंत पोहोचण्यासाठी एक वर्ष धरा. ते नोकरी न सोडता नाशिकमध्येच घालवता येते, आणि ते तसेच घालवावे असा माझा आग्रह आहे. वर्ग लावायचा असेल तर ऑनलाइन मिळतो. इन्स्तितुतो सर्व्हान्तेस या स्पेन सरकारच्या भाषा-संस्कृती संस्थेच्या दिल्ली केंद्राचे ऑनलाइन अभ्यासक्रम त्यांपैकी आहेत. पण खरी कमतरता वाचनाची असते. नाशिकच्या ग्रंथालयांत स्पॅनिश पुस्तके जवळपास नाहीत, तरी आता ही अडचण सबब म्हणून सांगता येणार नाही. आलिकान्ते विद्यापीठाच्या पुढाकाराने १९९९ मध्ये सुरू झालेले मिगेल दे सर्व्हान्तेस आभासी ग्रंथालय अभिजात ग्रंथ विनामूल्य उपलब्ध करून देते. ला रिओहा विद्यापीठाच्या दिआलनेत या सूचीतून हजारो समीक्षालेख सापडतात, त्यांतील पुष्कळ संपूर्ण वाचता येतात. अकादमीचा कोश आणि भाषासंग्रह खुले आहेत. पहिल्या तीन महिन्यांत लघुकथा घ्या, कारण कथा एका बैठकीत संपते आणि पुन्हा वाचता येते. मेक्सिकोच्या हुआन रुल्फोचे गद्य लहान वाक्यांचे असूनही खोल आहे, अर्जेंटिनाचा बोर्हेस मात्र थोडा नंतर. त्यानंतर विसाव्या शतकातील एखादे नाटक, आणि सुवर्णयुगाकडे शेवटी, तेही टीपांसह संपादित आवृत्तीतूनच. प्रत्येक वाचनानंतर स्पॅनिशमध्ये एक पान लिहा. शब्दकोशात प्रत्येक शब्द पाहण्याची सवय सोडा. परिच्छेदाचा अर्थ ज्या शब्दावर अडतो तेवढाच पाहा.

संस्थांपैकी भारतात एम.ए.साठी प्रथम विचार करावा तो दिल्लीचा आणि हैदराबादचा. जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील केंद्र स्पॅनिशसोबत पोर्तुगीज, इटालियन आणि लॅटिन अमेरिकेचा अभ्यास एकत्र ठेवते. दिल्ली विद्यापीठाच्या जर्मनिक व रोमान्स विभागात हिस्पॅनिक अध्ययनाचे एम.ए. आहे, हैदराबादचे इंग्रजी आणि परकीय भाषा विद्यापीठ हे तिसरे. दिल्लीतील दोन्ही विद्यापीठांचे प्रवेश सीयूईटी-पीजी या पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या सामायिक प्रवेश परीक्षेतून होतात. वाणिज्य पदवीधराला कोणत्या अटींवर बसता येते, भाषेचा कोणता दाखला चालतो, हे त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकात शब्दशः वाचावे, कारण या अटी संस्थेगणिक वेगळ्या असतात आणि बदलतात. नाशिकची महाविद्यालये ज्या पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्याच्या परकीय भाषा विभागात, म्हणजे रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, एम.ए.ची परंपरा जर्मन, फ्रेंच आणि रशियन यांची आहे. ‘पुण्यात होईल की’ असे घरचे म्हणतात तेव्हा हे सांगावे लागते.

तुम्हाला पुढे महाविद्यालयात किंवा विद्यापीठात शिकवायचे असेल तर माझा सल्ला निःसंदिग्ध आहे: भारतातील दोन वर्षांचे एम.ए. करा. सहायक प्राध्यापकपदासाठीच्या यूजीसी नेटमध्ये स्पॅनिश हा विषय आहे आणि त्यासाठी एम.ए.ला ५५ टक्के गुण लागतात, आरक्षित प्रवर्गांसाठी ५०. भारतीय पदवी असली की समकक्षतेचा प्रश्न उद्भवत नाही. स्पेनमधील एका वर्षाच्या पदवीबाबत तो उद्भवतो, आणि तो परत आल्यावर सोडवण्याऐवजी जाण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावा. शिवाय येथे दोन वर्षे मिळतात. साहित्याचे वाचन मुरायला वेळ लागतो आणि वेगळ्या शाखेतून येणाऱ्याला ते दुसरे वर्ष फार उपयोगी पडते.

स्पेनची बाजू वेगळी आहे. तेथे एका वर्षाचा मास्तर, म्हणजे पदव्युत्तर अभ्यासक्रम, ६० श्रेयांकांचा असतो, दीड-दोन वर्षांचे ९० ते १२० श्रेयांकांचे असतात, आणि एका श्रेयांकामागे स्वाध्याय धरून २५ ते ३० तासांचे काम अपेक्षित असते. अखेरीस प्रबंध लिहून परीक्षकांसमोर मांडावा लागतो. भाषेत राहण्याचा जो अनुभव तेथे मिळतो त्याला पर्याय नाही, हे मी मनापासून मान्य करते. परंतु एका बाबतीत अत्यंत सावध राहा. ‘मास्तर उनिव्हर्सितारियो’ ही शासनमान्य अधिकृत पदवी आहे आणि तिच्या आधारे पीएच.डी.ला जाता येते. ‘मास्तर दे फोर्मासियोन पेर्मानेन्ते’ ही विद्यापीठाची स्वतःची पदवी आहे. ती चांगली असू शकते, पण पीएच.डी.चा दरवाजा तिच्याने उघडत नाही. दोन्हींच्या जाहिराती सारख्याच दिसतात, दोन्हींवर नामवंत विद्यापीठाचे बोधचिन्ह असते, आणि दुसरीची फी अनेकदा जास्त असते. स्पेन सरकारने ठेवलेल्या विद्यापीठे व पदव्यांच्या नोंदवहीत अभ्यासक्रमाचे नाव शोधल्याशिवाय एक युरोही भरू नका. एजंटाने सांगितले, हा पुरावा नव्हे.

विषयाचे नावही नीट वाचा. परदेशीयांना स्पॅनिश शिकवण्याचे प्रशिक्षण देणारा मास्तर आणि स्पॅनिश-लॅटिन अमेरिकन साहित्याचा मास्तर हे दोन वेगळे व्यवसाय आहेत. १२१८ मध्ये स्थापन झालेल्या सालामान्काचे नाव दोन्ही संदर्भांत पुढे येते, म्हणून केवळ विद्यापीठाच्या कीर्तीवर निवड करू नये. शाळेत किंवा खाजगी शिकवायचे असेल तर पहिला अधिक कामाचा.

पैशांचे मोजके बोलते. विद्यार्थी व्हिसासाठी दरमहा ६०० युरोंची तजवीज दाखवावी लागते, परंतु ती कागदावरील किमान रक्कम आहे. माद्रिद किंवा बार्सेलोनात तेवढ्यात भागणार नाही, सालामान्का किंवा ग्रानादासारख्या शहरांत काटकसरीने जवळपास जाता येते. उच्च शिक्षणाच्या विद्यार्थ्याला अभ्यास सांभाळून आठवड्याला ३० तासांपर्यंत काम करता येते. पण ६० श्रेयांकांच्या वर्षात, प्रबंध लिहीत असताना, त्या उत्पन्नावर घरभाडे अवलंबून ठेवणे मला धोक्याचे वाटते. कर्ज काढूनच जावे लागणार असेल तर भारतातील एम.ए. आणि नंतर एखादी शिष्यवृत्ती हा मार्ग अधिक सुरक्षित.

नोकरीबद्दल घरी विचारतात, ते रास्तच आहे. तुमच्या सध्याच्या कामासाठी एम.ए.ची गरज नाही. नाशिकची द्राक्षे प्रामुख्याने नेदरलँड्स, ब्रिटन, जर्मनी अशा बाजारांत जातात आणि तो व्यवहार इंग्रजीत चालतो. स्पॅनिश उपयोगी पडते ती स्पर्धकांकडे पाहण्यासाठी: युरोपच्या बाजारात आपल्या हंगामाशी पेरू आणि चिली यांचा माल भिडतो, आणि तेथील उत्पादक संघटनांचे अहवाल, नव्या वाणांची माहिती, बंदरांतील बातम्या आधी स्पॅनिशमध्ये येतात. हे वाचून दर आठवड्याला मराठीत सार काढून देणारी व्यक्ती कोणत्याही निर्यातदाराला हवी असेल. त्यासाठी मजबूत बी-२ आणि शेती-व्यापाराची शब्दसंपदा पुरते. पुणे, हैदराबाद, बंगळूर येथील कंपन्यांच्या भाषाधारित नोकऱ्यांतही प्रमाणपत्राची पातळी पाहतात, एम.ए. क्वचितच. साध्या भाषांतराचे काम यंत्रांनी मोठ्या प्रमाणावर घेतले आहे. जे उरले आहे ते यंत्राचा मजकूर तपासण्याचे किंवा विषयाचे सखोल ज्ञान लागणारे आहे. एम.ए.चा थेट उपयोग अध्यापन, संशोधन, साहित्याचे भाषांतर आणि आंतरराष्ट्रीय शाळा यांत होतो. शाळांत बी.एड.ही अनेकदा मागतात आणि अशा जागा नाशिकपेक्षा मुंबई-पुण्यात अधिक आहेत, हे ध्यानात ठेवा.

मग नोकरी सोडण्यासारखे त्यात आहे का? तुमच्याकडे एखादा प्रश्न असेल तर आहे. एक उदाहरण देते. ग्वातेमालाच्या रिगोबेर्ता मेन्चू यांचे १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेले आत्मकथन लॅटिन अमेरिकेतील ‘तेस्तिमोनियो’ (साक्षीच्या स्वरूपातील आत्मकथन) या प्रकारातील सर्वांत चर्चित पुस्तक आहे. त्यांना १९९२ मध्ये शांततेचे नोबेल मिळाले. आपल्याकडे दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ चे. दोन्ही एका माणसाच्या आयुष्यातून समाजाचे दुःख सांगतात, म्हणून त्यांना शेजारी ठेवण्याचा मोह होतो, आणि अनेक निबंध तेथेच थांबतात. पण मेन्चू यांनी आपली कथा एलिसाबेथ बुर्गोस या मानववंशशास्त्रज्ञ बाईंना सांगितली आणि पुस्तकाची मांडणी बुर्गोस यांनी केली. पवारांनी स्वतः लिहिले. लेखणी कोणाच्या हाती होती, यामुळे ‘मी’ या सर्वनामाचे वजन बदलते का, हा खरा प्रश्न आहे. मूळ स्पॅनिश आणि मूळ मराठी दोन्ही वाचू शकणारे अभ्यासक जगात फार थोडे आहेत. नाशिकजवळच्या विहितगावात जन्मलेल्या दलित साहित्यिक बाबूराव बागूलांच्या परिसरातून आलेल्या विद्यार्थ्याने हा प्रश्न उचलला तर मला विलक्षण आनंद होईल. तुमचा प्रश्न याहून अगदी वेगळा असू शकतो: पेरूच्या शेतमजुरांवरचे साहित्य, स्थलांतर, भाषांतराचा इतिहास, काहीही. पण तो असावा, कारण उद्देशपत्रात, मुलाखतीत आणि दुसऱ्या वर्षाच्या कंटाळवाण्या महिन्यांत तोच आधार देतो. प्रश्न सापडलेला नसेल तर वाचनाचे ते एक वर्ष त्याच्या शोधासाठीही आहे.

शेवटी कागदपत्रे. स्पेनचा पर्याय खुला ठेवायचा असेल तर पदवी प्रमाणपत्र आणि गुणपत्रकांचे राज्य स्तरावरील साक्षांकन, परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल (परदेशात कागद ग्राह्य धरला जावा यासाठीचा शिक्का) आणि अधिकृत शपथबद्ध अनुवादकाकडून स्पॅनिश भाषांतर या क्रमाने काम करावे लागते. भाषांतर आधी करून घेतल्यास अपोस्टिलचा शिक्का त्यात येत नाही आणि खर्च दुप्पट होतो. तीन वर्षांच्या पदवीवर भारतात पदव्युत्तर प्रवेश मिळतो, असे विद्यापीठाचे पत्रही मागितले जाऊ शकते. वेगळ्या शाखेची पदवी असल्याने प्रवेश समिती तुमच्या भाषाशिक्षणाचा पुरावा बारकाईने पाहील. म्हणून ज्या ज्या वर्गांत शिकलात त्यांच्याकडून तासांचा आणि पातळीचा उल्लेख असलेली प्रमाणपत्रे आत्ताच मागून घ्या. तेथे पोहोचल्यावर एका महिन्याच्या आत विदेशी नागरिकाच्या ओळखपत्रासाठी अर्ज करावा लागतो. मुंबईतील व्हिसा प्रक्रियेला उन्हाळ्यात गर्दी असते, तेव्हा प्रवेशपत्र हाती येताच त्याच आठवड्यात भेटीची वेळ घ्या, आणि सहा महिन्यांहून अधिक मुक्कामासाठी लागणाऱ्या पोलिसांच्या चारित्र्य प्रमाणपत्राचा अर्ज त्याआधीच करून ठेवा.